फॅमिली डॉक्टर कसा घडतो? एमबीबीएसनंतरच्या एका दुर्लक्षित प्रशिक्षणाची ओळख

नीटचा निकाल लागला की आपल्या व्हॉट्सअॅप गटांवर अभिनंदनाचे फलक फिरू लागतात. कुणाच्या घरातला पहिला डॉक्टर, कुणाच्या वस्तीतली पहिली डॉक्टर. साडेपाच वर्षांनी हीच मुले-मुली एमबीबीएस होऊन बाहेर पडतात, तेव्हा घरचे, शेजारचे, नात्यातले सगळे एकच विचारतात, "आता पुढे कशात?" उत्तरेही ठरलेली असतात : मेडिसिन, सर्जरी, गायनॅक, रेडिओलॉजी, स्किन. "मला जनरल प्रॅक्टिशनर व्हायचे आहे आणि त्यासाठी आणखी तीन वर्षे शिकायचे आहे," असे उत्तर आम्ही फार क्वचित ऐकले आहे. ऐकले तेव्हा समोरच्यांच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह होते : त्यासाठी वेगळे काय शिकायचे? पीजीला नंबर लागला नाही की माणूस आपोआप जीपी होतोच ना?

हा समज घरच्यांपुरता नाही. आपली वैद्यकीय शिक्षणव्यवस्थाही बरीच वर्षे याच समजावर चालली आहे. त्याची किंमत मात्र ज्यांच्या घराजवळ मोठे हॉस्पिटल नाही आणि खिशात स्पेशालिस्टची फी नाही, ते लोक मोजतात. म्हणून जनरल प्रॅक्टिशनर म्हणजे नेमके कोण, त्याचे प्रशिक्षण कसे असते, ते जगात कुठे व कसे सुरू झाले, आपल्याकडे त्याचे काय झाले आणि आज आपल्या मुलामुलींना कोणते मार्ग खुले आहेत, याची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

जनरल प्रॅक्टिशनर म्हणजे कोण?

ब्रिटनमध्ये जनरल प्रॅक्टिशनर, अमेरिकेत फॅमिली फिजिशियन, आपल्या बोलण्यात फॅमिली डॉक्टर किंवा नुसते 'आपले डॉक्टर'. नावे वेगळी असली तरी काम एकच. वय, लिंग, अवयव किंवा आजार यांची अट न घालता जो डॉक्टर माणसाला सर्वांत आधी भेटतो आणि पुढे वर्षानुवर्षे भेटत राहतो, तो जनरल प्रॅक्टिशनर.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बार्बरा स्टारफिल्ड यांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांनी या सेवेची चार लक्षणे सांगितली. पहिला संपर्क : काहीही झाले की आधी येथे यायचे. सातत्य : एकच डॉक्टर त्या माणसाला अनेक वर्षे ओळखतो. व्यापकता : बहुतेक तक्रारी तेथेच सुटतात. समन्वय : ज्या सुटत नाहीत त्यांच्यासाठी योग्य ठिकाणी पाठवायचे आणि तिथून परत आल्यावर सगळे धागे जुळवायचे. चारांपैकी एक जरी निसटले तरी रुग्ण एका स्पेशालिस्टकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो आणि त्याच्या पिशवीतल्या फायली वाढत जातात.

हे काम हॉस्पिटलातल्या कामापेक्षा किती वेगळे आहे, हे समजण्यासाठी १९६१ सालचा एक अभ्यास आजही जगभर शिकवला जातो. केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटन व अमेरिकेतील माहितीवरून असा हिशेब मांडला : एक हजार प्रौढ माणसे घेतली, तर एका महिन्यात त्यांपैकी सुमारे ७५० जणांना काही ना काही दुखणे होते. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण हॉस्पिटलात दाखल होतात. विद्यापीठाच्या मोठ्या वैद्यकीय केंद्रात पोहोचतो तो फक्त एक.

आपला एमबीबीएसचा विद्यार्थी बहुतांश काळ त्या एकाजवळ उभा राहून शिकतो. मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात येणारा रुग्ण अनेक चाळण्यांतून आलेला असतो, त्याचा आजार वाढलेला असतो, तपासण्या झालेल्या असतात. नंतर हा विद्यार्थी दवाखाना उघडतो किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होतो, तेव्हा त्याच्यासमोर बसतात ते उरलेले २४९. त्यांच्या तक्रारी पुस्तकातल्या नसतात. "अंगात कसर वाटते", "हातापायात जीव नाही", "पोटात गोळा उठतो", "डोके जड होते". या तक्रारींपैकी बऱ्याच आपोआप बऱ्या होणाऱ्या, काही मनाच्या, काही घरातल्या मारहाणीच्या, आणि एखादी क्षयाची किंवा कर्करोगाची सुरुवात. त्यांतली कोणती कोणती, हे पंधरा मिनिटांत, हाताशी सीटी स्कॅन नसताना ओळखायचे असते. ही कला वॉर्डात शिकता येत नाही.

प्रशिक्षणाची गरज कशी लक्षात आली : ब्रिटनचा अनुभव

ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि प्रत्येक नागरिकाला एक जीपी मिळाला. पण तेव्हा जीपी होण्यासाठी वेगळे प्रशिक्षण नव्हते. पदवी घेतली की पाटी लावायची, आपल्याकडे आजही चालते तसेच. १९५० साली जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने ब्रिटनमधील दवाखाने स्वतः फिरून पाहिले आणि 'लॅन्सेट' या नियतकालिकात अहवाल लिहिला. विशेषतः औद्योगिक वस्त्यांतील दवाखान्यांची अवस्था त्यांनी अतिशय परखडपणे मांडली : अपुरी जागा, अपुरी तपासणी, रांगेतल्या रुग्णाला घाईघाईने बाटली देऊन वाटेला लावणे. अहवालाने खळबळ उडाली. १९५२ साली जीपींनी स्वतःचे कॉलेज स्थापन केले. तेच आजचे रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्स.

त्याच दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल बालिंट हे हंगेरियन मनोविश्लेषक जीपींचे छोटे गट घेऊन बसू लागले. प्रत्येक डॉक्टरने आपल्याला छळणाऱ्या एखाद्या रुग्णाची हकीकत सांगायची आणि सगळ्यांनी त्यावर बोलायचे. डॉक्टरचे बोलणे, ऐकणे, चिडणे, टाळणे या सगळ्याचा उपचारावर परिणाम होतो, हे या गटांतून पुढे आले. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९५७ साली प्रसिद्ध झाले. 'बालिंट गट' ही पद्धत अनेक देशांतल्या जीपी-प्रशिक्षणात अजून वापरली जाते.

पुढे तीस वर्षांच्या प्रयत्नांनंतर, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये जीपी होण्यासाठी तीन वर्षांचे प्रशिक्षण कायद्याने सक्तीचे झाले. आज तेथे पदवीनंतर दोन वर्षांचा पायाभूत कार्यक्रम आणि त्यानंतर किमान तीन वर्षांचे जीपी-प्रशिक्षण असते. काही काळ हॉस्पिटलच्या वेगवेगळ्या विभागांत आणि बराच काळ प्रत्यक्ष जीपीच्या दवाखान्यात. प्रत्येक प्रशिक्षणार्थीला एक प्रशिक्षक जीपी नेमून दिलेला असतो. तो सुरुवातीला शेजारी बसतो, नंतर दिवसाच्या शेवटी प्रत्येक रुग्णावर चर्चा करतो. शेवटी ज्ञानाची लेखी परीक्षा, रुग्णाशी सल्लामसलत कशी करतो याची परीक्षा आणि कामाच्या ठिकाणचे सतत मूल्यमापन, अशा तीन कसोट्या असतात. अमेरिकेत १९६९ साली फॅमिली मेडिसिनला स्वतंत्र विशेषशाखेचा दर्जा मिळाला आणि तेथेही तीन वर्षांची रेसिडेन्सी आली.

म्हणजे सर्वसाधारण वैद्यक ही स्वतःच एक विशेषशाखा आहे, हे या देशांनी अर्धशतकापूर्वीच मान्य केले.

एका खाणकामगारांच्या गावातला डॉक्टर

वेल्समधील ग्लिनकोरग या कोळसा खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९६० च्या दशकापासून सुमारे पाव शतक जीपी म्हणून काम केले. १९७१ साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक लेख लिहिला. त्यातला मुद्दा 'उलट्या काळजीचा नियम' म्हणून जगभर ओळखला जातो : जिथे चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत जास्त असते, तिथे ती सर्वांत कमी मिळते. आरोग्यसेवा बाजाराच्या हाती जितकी जास्त, तितका हा नियम अधिक कठोरपणे लागू होतो, असेही त्यांनी नोंदवले.

हार्ट लेख लिहून थांबले नाहीत. त्यांनी आपल्या यादीतील प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजायचे ठरवले. जे दवाखान्यात येत नव्हते त्यांच्यापर्यंतही ते पोहोचले. तक्रार नसताना रक्तदाब मोजणे तेव्हा अगदी नवे होते. त्यांच्या २५ वर्षांच्या नोंदी १९९१ साली प्रसिद्ध झाल्या. असा कार्यक्रम नसलेल्या शेजारच्या गावाच्या तुलनेत ग्लिनकोरगमधील अकाली मृत्यूंचे प्रमाण कमी असल्याचे त्यांत दिसले. यासाठी मोठे यंत्र लागले नाही. रक्तदाबाचे उपकरण, नोंदवही, नर्स आणि एकाच ठिकाणी टिकून राहिलेला प्रशिक्षित डॉक्टर, एवढेच लागले.

ब्रिटनच्या अशाच खाणींच्या व कारखान्यांच्या वस्त्यांत, जिथे स्थानिक डॉक्टर जायला तयार नव्हते, तिथे भारतातून गेलेल्या अनेक डॉक्टरांनी जीपी म्हणून आयुष्य घालवले. आपल्याकडून गेलेल्यांनी तिकडच्या गरीब वस्त्या सांभाळल्या, आणि इकडच्या वस्त्या तशाच राहिल्या.

भारतात काय झाले?

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य सर्वेक्षण व विकास समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९४६ साली आला. त्या वेळी देशातील नोंदणीकृत डॉक्टरांपैकी निम्म्याहून अधिक 'लायसेन्शिएट' होते, म्हणजे कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले. भोर समितीने हा दुय्यम दर्जाचा अभ्यासक्रम बंद करून सर्वत्र एकच 'मूलभूत डॉक्टर' घडवावा असे सुचवले. त्याला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण असावे आणि तो प्राथमिक आरोग्य केंद्रातून गावाची सेवा करील, अशी कल्पना होती.

एकच दर्जाचा डॉक्टर, ही कल्पना समतेची होती. श्रीमंताला पूर्ण डॉक्टर आणि गरिबाला अर्धा, हे समितीला नको होते. पण पुढे मेडिकल कॉलेजे हॉस्पिटलांभोवती वाढली, शिकवणारे सगळे स्पेशालिस्ट झाले, आणि 'मूलभूत डॉक्टर' हा पदव्युत्तर प्रवेशाच्या रांगेतला उमेदवार बनला. अभ्यासक्रमाच्या ध्येयात आजही लिहिलेले आहे की एमबीबीएस झालेला डॉक्टर समाजाचा 'पहिल्या संपर्काचा वैद्य' असावा. मात्र ते काम करणारा शिक्षक त्याला साडेपाच वर्षांत बहुधा भेटतच नाही.

धोरणकर्त्यांना हे कळले नव्हते असेही नाही. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सार्वजनिक आरोग्य आणि फॅमिली मेडिसिन या दोन शाखांसाठी पदव्युत्तर जागांचा हिस्सा टप्प्याटप्प्याने वाढवत एक चतुर्थांशापर्यंत न्यायचा, असे म्हटले होते. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात फॅमिली मेडिसिनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना चालना देणे हे पदव्युत्तर शिक्षण मंडळाचे काम म्हणून नमूद आहे. प्रत्यक्षात सरकारी मेडिकल कॉलेजातील एमडी फॅमिली मेडिसिनची सुरुवात केरळमधील कोझिकोड येथे झाली, तीही २०१२ साली. आज देशात एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या वर गेल्या आहेत, पण फॅमिली मेडिसिनचा स्वतंत्र विभाग असलेले मेडिकल कॉलेज शोधावे लागते. एक चतुर्थांशाचे ते उद्दिष्ट कागदावरच राहिले आहे.

आज उपलब्ध असलेले मार्ग

आपल्या घरात एमबीबीएस करणारे किंवा झालेले कुणी असेल, तर पुढील माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.

एमबीबीएसच्या काळात : अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि इंटर्नशिप एक वर्षाची. २०१९ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात संवाद, नीतिमत्ता व वर्तन यांचे शिक्षण आले. पुढे कुटुंब दत्तक कार्यक्रमही आला. त्यात विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायचा असतो. बरेच विद्यार्थी याकडे हजेरीपुरते पाहतात. वास्तविक एकाच घरात तीन वर्षे जात राहणे, आजीची साखर, सुनेचे बाळंतपण आणि मुलाचे व्यसन एकत्र पाहणे, हाच फॅमिली मेडिसिनचा पहिला धडा आहे.

एमडी फॅमिली मेडिसिन : तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी, प्रवेश नीट-पीजीमधून. जागा मोजक्या. काही नव्या एम्समध्ये 'कम्युनिटी अँड फॅमिली मेडिसिन' असे संयुक्त विभाग आहेत.

डीएनबी फॅमिली मेडिसिन : राष्ट्रीय परीक्षा मंडळाची तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी. मान्यताप्राप्त सरकारी व खासगी रुग्णालयांत प्रशिक्षण होते, प्रवेश नीट-पीजीमधूनच मिळतो. भारतात प्रशिक्षित फॅमिली फिजिशियन घडवण्याचे बरेचसे काम आजवर याच मार्गाने झाले आहे.

फॅमिली मेडिसिनचा डिप्लोमा : राष्ट्रीय परीक्षा मंडळाने २०२० साली आठ शाखांत दोन वर्षांचे पदव्युत्तर डिप्लोमा सुरू केले. त्यांत फॅमिली मेडिसिन आहे.

काम करता करता शिकणे : वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा दूरशिक्षण पद्धतीचा दोन वर्षांचा डिप्लोमा प्रॅक्टिस करणाऱ्या एमबीबीएस डॉक्टरांसाठी आहे. तो एमडी किंवा डीएनबीची जागा घेत नाही, पण ज्यांना दवाखाना किंवा नोकरी सोडणे शक्य नाही त्यांच्यासाठी उपयोगी आहे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेजशी संलग्न अशी दक्षिण आशियासाठीची आंतरराष्ट्रीय सदस्यत्व परीक्षाही आहे.

यासोबत महाराष्ट्रातली एक वस्तुस्थिती लक्षात ठेवली पाहिजे. आपल्या वस्त्यांत आणि गावांत 'आपले डॉक्टर' म्हणून बसलेल्यांपैकी पुष्कळ जण बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात. २०१४ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती करून, एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथिक डॉक्टरांना मर्यादित प्रमाणात अॅलोपॅथी औषधे देण्याची वाट मोकळी केली. त्यावर वाद झाले, प्रकरण न्यायालयात गेले. आमचे म्हणणे एवढेच : पदवी कोणतीही असो, पहिल्या संपर्काचे काम करणाऱ्या प्रत्येकाला त्या कामाचे प्रशिक्षण हवे, आणि गरीब वस्तीसाठी कमी प्रशिक्षण चालेल हा विचार मान्य होऊ नये.

तीन वर्षांत नेमके काय शिकतात?

प्रशिक्षणार्थी मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोग व प्रसूती, शस्त्रक्रिया, आपत्कालीन विभाग, मानसोपचार, त्वचा, डोळे, कान-नाक-घसा अशा विभागांतून फिरतो. पण प्रत्येक विभागात त्याचा प्रश्न वेगळा असतो : यातले मी माझ्या दवाखान्यात काय करू शकतो, आणि कोणत्या क्षणी पाठवलेच पाहिजे? याशिवाय तो लसीकरण, कुटुंबनियोजन, दीर्घ आजारांचा पाठपुरावा, वृद्धांची काळजी, मरणासन्न रुग्णाची घरी घेण्याची काळजी, नोंदी ठेवणे आणि रुग्णाला समजेल अशा शब्दांत बोलणे शिकतो.

विदर्भातल्या वाचकांना जवळचे वाटेल असे एक उदाहरण घेऊ. सिकल सेल हा आनुवंशिक रक्तविकार विदर्भात आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजांत, आपल्या बौद्ध समाजातही, लक्षणीय प्रमाणात आढळतो. समजा, दोन वर्षांचे मूल हातापायांना सूज आणि रडारड घेऊन दवाखान्यात येते. घाईत असलेला डॉक्टर वेदनाशामक देतो. काही महिन्यांनी मुलाचे डोळे पिवळे दिसतात, तेव्हा कावीळ म्हणून झाडपाल्याचे औषध सुरू होते. रक्त कमी दिसते म्हणून लोहाचे औषध दिले जाते. प्रत्येक वेळी वेगळा डॉक्टर, वेगळा कागद. आजाराचे नाव कळेपर्यंत मूल शाळेत जाऊ लागलेले असते.

फॅमिली मेडिसिन शिकलेला डॉक्टर हेच तीन प्रसंग एका रेषेत पाहतो, कारण ते त्याच्याच नोंदवहीत असतात. तो विचारतो, घरात आणखी कुणाचे सांधे असे दुखतात का, कुणाला वारंवार रक्त चढवावे लागले का? तो आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी आणि मग खात्रीची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करायला सांगतो. निदान झाल्यावर लसी, फॉलिक अॅसिड, भरपूर पाणी, थंडीपासून जपणे आणि गरजेप्रमाणे हायड्रॉक्सीयुरिया यांचा पाठपुरावा तो करतो. ताप किंवा छातीत दुखणे दिसताच ताबडतोब हॉस्पिटलात पाठवतो. यापुढचे काम तर हॉस्पिटलातल्या तज्ज्ञाच्या हातातच नसते. आई-वडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे तो त्यांना दोष न देता समजावतो. मुलाच्या मावशीचे लग्न ठरत असेल तर तिची व होणाऱ्या नवऱ्याची तपासणी आधी करा, असे तो सांगू शकतो, कारण त्या घरात त्याचा शब्द चालतो.

२०२३ साली केंद्र सरकारने सिकल सेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, २०४७ हे उद्दिष्ट ठेवून. तपासणी शिबिरे होतील, कार्डेही वाटली जातील. पण ते कार्ड घेऊन घरी आलेल्या मुलीशी पुढची वीस वर्षे कोण बोलणार, हा प्रश्न शिबिराने सुटत नाही.

मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग यांचेही असेच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. एवढ्या लोकांना स्पेशालिस्ट पुरणार नाहीत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना त्याची गरजही नाही. गरज आहे ती टिकून राहणाऱ्या, प्रशिक्षित पहिल्या डॉक्टरची.

मग मुले या मार्गाने का जात नाहीत?

कारणे सरळ आहेत आणि त्यासाठी मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. पहिले कारण प्रतिष्ठेचे. 'नुसता एमबीबीएस' हा शब्दप्रयोग आपण सगळेच वापरतो. दुसरे, आदर्श नसण्याचे. कॉलेजात फॅमिली फिजिशियन शिकवायलाच नसेल तर विद्यार्थ्याला तसे व्हावेसे कसे वाटेल? तिसरे, नोकरीचे. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक असावे असा निकष आहे. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याच्या पदासाठी एमबीबीएस पुरते. मग तीन वर्षे जास्त शिकून त्याच खुर्चीत बसायचे का, असा प्रश्न पडतो. चौथे, बंधपत्राची सेवा. शासकीय कॉलेजातून शिकलेल्याने एक वर्ष सेवा द्यायची, असा महाराष्ट्राचा नियम आहे. हे वर्ष प्रशिक्षणाचे होऊ शकले असते. पण मार्गदर्शकाविना एकट्या पडलेल्या तरुण डॉक्टरसाठी ते बहुधा पीजीचा अभ्यास करत काढायचे वर्ष ठरते.

पाचवे कारण आपले आहे, रुग्णांचे. तपासून, नीट बोलून "औषधाची गरज नाही, दोन दिवसांनी या" असे सांगणारा डॉक्टर आपल्याला कमी प्रतीचा वाटतो. "सुई मारा, ताकदीचे सलाईन लावा" अशी मागणी आपणच करतो. चांगला जीपी ती मागणी नाकारतो आणि शेजारचा दवाखाना ती पुरवतो. मग गर्दी कुठे होते, हे आपण रोज पाहतो.

आम्हाला काय वाटते

सरकारकडे मागण्यासारख्या गोष्टी स्पष्ट आहेत. प्रत्येक शासकीय मेडिकल कॉलेजात फॅमिली मेडिसिनचा विभाग हवा, जिल्हा रुग्णालयांत डीएनबीच्या जागा वाढायला हव्यात, प्राथमिक व ग्रामीण रुग्णालयांत या पदवीसाठी स्वतंत्र पद व वेतन हवे, आणि बंधपत्राच्या वर्षात प्रशिक्षक हवा. २००२ च्या धोरणातील एक चतुर्थांशाचे काय झाले, हा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींना विचारता येईल.

काही गोष्टी मात्र आपल्या हातात आहेत. सत्कार समारंभात सुपरस्पेशालिस्टला पहिल्या रांगेत बसवतो, तिथेच वस्तीत वीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्या प्रामाणिक डॉक्टरलाही बसवू. विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरांत इतर शाखांबरोबर फॅमिली मेडिसिनची माहिती देऊ, ती पदवी घेतलेल्या एखाद्या डॉक्टरला बोलवू. इंटर्नशिप करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी एखाद्या चांगल्या जीपीच्या दवाखान्यात सुट्टीचे काही दिवस बसून पाहावे. मुलगी म्हणाली, "मला फॅमिली मेडिसिन घ्यायचे आहे," तर "मार्क कमी पडले का गं?" असे विचारू नये.

घराघरातला पहिला डॉक्टर व्हावा म्हणून आपल्या आई-वडिलांच्या पिढीने पोटाला चिमटा काढला. ती मुले आता शिकून बाहेर पडत आहेत. त्यांच्यापैकी काही जण हृदयाचे, मेंदूचे तज्ज्ञ होतील, आणि आपल्याला त्यांचा अभिमान वाटेल. पण रात्री नऊ वाजता तापलेले मूल घेऊन आई ज्या दारात उभी राहते, त्या दारामागचा डॉक्टरही तितकाच शिकलेला असायला हवा.